वैशाखातले चोवीस डबे

वैशाख लागला की माझे पाय कुणाच्या तरी हिरवळीकडे वळतात. परवाही तेच झालं. सकाळी फिरून परतायला उशीर झाला होता, ऊन चांगलंच चढलं होतं. हमरस्त्यावर नवं मंगल कार्यालय झालंय, त्याच्या लॉनपाशी थांबले. आत सगळे फवारे सुरू होते आणि अर्धं पाणी वाऱ्यावर रस्त्यात येत होतं. एका स्कूटरवाल्यानं गार वाटावं म्हणून गाडी मुद्दाम हळू केली. कुंपणाच्या कडेला मीटरची पेटी दिसली, तिचं झाकण उघडंच होतं. मी सवयीनं खाली वाकले. तेवढ्यात रखवालदार धावत आला, "आजी, काय हरवलं का?" काय सांगणार त्याला! "नाही रे, किती झालं ते बघत होते," म्हटलं. म्हातारीला ऊन लागलंय असं वाटून त्यानं मला खुर्ची आणून दिली. खुर्ची मी घेतली, पण आजी म्हणाला ते काही विसरले नाही.

घरी येऊन मुलाला हे सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, "आई, आता बागेला किती पाणी गेलं ते मोबाइलवर कळतं. जमिनीत सळई खुपसून ठेवतात, ती ओल मोजते आणि पाणी आपोआप बंद होतं." मी म्हटलं, फार छान. बावीस वर्षांची असताना मला असली सळई मिळाली असती तर मी तिची पूजा केली असती. "पण ती काय मोजते ते माळ्याला कुणी सांगतं का रे?" असं विचारलं, तर तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

तो उन्हाळा एक्क्याण्णवचा की ब्याण्णवचा, यावर मी आता वाद घालत नाही. मी बावीस वर्षांची होते. धुळ्याला शेतीचं शिक्षण संपवून आले होते आणि स्वतःविषयी माझं मत फार चांगलं होतं. वडील पाचोऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन. आमच्या घरात शेती कुणाचीच नव्हती. शेतीचं शिकून मी काय करणार, हा प्रश्न सगळ्या गल्लीला पडलेला. म्हणून जळगावला एका डाळमिलच्या बागेवर तीन महिन्यांचं काम मिळालं तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. काम काय आहे ते मात्र तिनं कुणाला नीट सांगितलं नाही, कारण तिलाही ते नीट कळलं नव्हतं. पाणी मोजायचं, म्हणजे काय करायचं?

जळगावचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय सांगावं? सकाळी नऊला रिक्षाच्या सीटवर बसवत नसे. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना काळ्या पायपांची भेंडोळी रचलेली असत, त्यांच्यावरून येणारी हवासुद्धा तापलेली असे. मिलच्या आवारात शिरलं की तुरीच्या टरफलांचा वास यायचा, भाजल्यासारखा, थोडासा गोड. तो वास मला तेव्हाही आवडायचा. आजही वाण्याच्या दुकानात डाळीचं नवं पोतं उघडलं की मी दोन मिनिटं जास्त रेंगाळते.

मिलपुढे दीड एकराची बाग होती. मधे हिरवळ, कडेनं मेंदीचं कुंपण, पूर्वेच्या कोपऱ्यात सहा मोठे कडुनिंब, फाटकाजवळ लाल-पिवळ्या कर्दळीचा ताटवा. आजूबाजूला सगळी धूळ, पत्रे आणि ट्रक. त्यामुळे फाटकातून आत आलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. ही सगळी बाग एका माणसाच्या हातची होती. झिपरूआबा. शिंदखेडा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून ते अठरा वर्षांपूर्वी आले, तेव्हा इथे बाभळी आणि दगड होते. आपलं काम गवताला पाणी घालायचं आहे, असं गावी जाऊन सांगितलं तेव्हा गावकरी पोट धरून हसले, हे आबाच मजेनं सांगत. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे, डोक्याला पांढरा रुमाल. पायात कधी काही नसे. वहाणा निंबाखाली काढून ठेवत आणि घरी जाताना घालत.

पहिल्याच दिवशी मिलच्या व्यवस्थापक साहेबांनी मला बागेत उभं करून सांगितलं, "हे बघा, दोन बोअरपैकी एक आटली. दुसरी खोकतेय. टँकरवाले हल्ली फोन उचलत नाहीत. मे महिना संपेपर्यंत बागेचं पाणी निम्मं करून दाखवा. नाही जमलं तर एक जूनला मुरूम टाकू आणि ट्रक उभे करू. तसेही ते रस्त्यावर उभे राहतात."

"आणि आबा?" मी विचारलं.

"त्यांना गोदामाच्या दारावर बसवू. सावली आहे तिथे."

आबा दहा पावलांवर नळी धरून उभे होते. सगळं ऐकलं असणार. त्यांनी नळी मेंदीच्या बुडाशी वळवली आणि पाणी साचून वाहायला लागेपर्यंत तिथेच धरून ठेवली. साहेब वाईट नव्हते. बोअर खोकत होती हेही खरंच होतं. पण अठरा वर्षांच्या बागेवर मुरूम पडल्यावर हा माणूस सावलीत बसून काय करणार, हे साहेबांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

आबांचं पाण्याचं माप सोपं होतं. "गवतनं पोट भरनं पाहिजे," असं ते म्हणत. पोट भरलं हे कळायचं कसं? तर पाणी वर उभं राहिलं की भरलं. सकाळी फवारे, दुपारी फवारे आणि वर नळी, संध्याकाळी पुन्हा फवारे. एवढं शिकून आलेली मी मनातल्या मनात कपाळाला हात लावत असे. तोंडानं बोलायची मात्र छाती नव्हती.

मग मुख्य नळावर मीटर बसला. पितळी झाकण, आत काळे आकडे, आणि एक चिमुकली लाल चांदणी. पाण्याचा थेंबभर प्रवाह असला तरी ती गिरक्या घेते. आबा उकिडवे बसून बघत राहिले.

"हाई काय शे बाई? घड्याय?"

"पाण्याचं घड्याळ, आबा."

"मंग येना टाइम कोन देखस?"

"मी बघणार."

"बरं," आबा म्हणाले आणि उठून गेले. त्या 'बरं'मध्ये मला बरंच काही ऐकू यायला हवं होतं. पण मी आकडे उतरून घेण्यात गुंग होते.

त्या चांदणीनं पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गंमत दाखवली. सगळ्या चाव्या बंद केल्या तरी ती फिरतच होती. मी जमिनीवर पालथी पडून झाकणात डोळा घालून बघत होते आणि डाळीची पोती वाहणारे हमाल हसत होते. पाणी कुठे जातंय? दोन दिवस आम्ही जमिनीतल्या पायपाच्या रेषेवरून चाललो, जागोजाग सळईनं टोचलं. शेवटी सापडलं ते कर्दळीच्या ताटव्याखाली. पायपाचा एक जोड कितीतरी वर्षं ठिबकत होता. मिलचे मालक शेठजी, त्यांच्या पाहुण्यांनी ज्या कर्दळीचं दर वेळी कौतुक केलं, जिच्या शेजारी उभं राहून फोटो काढले, ती फुकटचं पाणी पिऊन फुगलेली होती. आबा खड्ड्याच्या कडेला बसून खूप हसले.

"मले वाटे, मना हात लागस म्हनीसन फुलस," ते म्हणाले.

जोड नवा बसवला आणि चांदणी थांबली. कर्दळ महिन्याभरात निम्म्यावर आली, आणि आबांनी तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. मला वाटतं, आमची मैत्री त्या खड्ड्यापाशी सुरू झाली.

दुपारचं पाणी बंद करायला मात्र आठ दिवस लागले. भर उन्हात गवत मान टाकतं ते बघून आबांचा जीव राहत नसे. मी म्हणायची, आबा, हे पाणी गवताला पोचतच नाही, वाऱ्यावर जातं. ते मान हलवायचे आणि नळी उचलायचे. शेवटी एका दुपारी मी त्यांना फाटकाबाहेर नेलं. फवाऱ्यांचं पाणी रस्त्यापर्यंत उडत होतं आणि दोन शेळ्या डांबरावरची ओल चाटत होत्या. आबांनी आत जाऊन नळी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून फवारे पहाटे सुरू व्हायला लागले, वारा पडलेला असताना.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात ज्याला उन्हाळा सोसायचाय त्याला आखाजीच तारून नेते. माहेरी आलेल्या पोरी, निंबाला टांगलेले झोके, दुपारभर चालणारी गाणी. आमच्या कॅन्टीनच्या सुमनअक्कांनी मिलच्या मागच्या निंबाला झोका बांधला होता आणि जेवणाच्या सुट्टीत पन्नाशीची बाई त्यावर उभी राहून झोका चढवत होती. सकाळी त्यांनी घागर भरली होती. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, वर आंबा. गेलेल्या माणसांची तहान भागावी म्हणून. आबांनी गावी जाऊन घागर पुजली आणि परत येताना माझ्यासाठी फडक्यात बांधून सांजोऱ्या आणल्या. आमच्या घरी आखाजीची घागर नसायची, आमचा वैशाख म्हणजे बुद्धपौर्णिमा. तरी त्या सांजोऱ्या मी पाचोऱ्याला नेल्या आणि आईनं दोन खाऊन करायची रीत विचारून घ्यायला सांगितलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी सुमनअक्कांकडे डबे मागितले. वनस्पती तुपाचे अर्ध्या किलोचे रिकामे डबे, सगळे एका मापाचे. फवारे हिरवळीवर सगळीकडे सारखं पाणी टाकतात की नाही हे बघायचं असेल तर सारख्या अंतरावर डबे मांडायचे आणि कुठल्या डब्यात किती साचलं ते मोजायचं, असं मी शिकले होते. अक्कांनी मसाल्याचे, मिठाचे, बिब्ब्यांचे डबे रिकामे करून चोवीस जमवून दिले. "पन वापस आनी द्या," असा दम भरला.

मी ते हिरवळीवर मांडले, ओळीत, दोरी लावून. रोज सकाळी आठला यायचं, पट्टी बुडवून प्रत्येक डब्यातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, डबा ओतून पुन्हा तिथेच ठेवायचा. रोज चोवीस डबे उचलून आत कोण नेणार? दिवसभर ते तिथेच उन्हात राहायचे. मी ऑफिसात पंख्याखाली बसून तक्ते काढायची. ते तक्ते इतके सुबक होते की मी ते पाचोऱ्याला वडिलांना दाखवायला नेणार होते.

तक्त्यांत एक गोष्ट ठसठशीत दिसत होती. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या, निंबाखालच्या सहा डब्यांत इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी पडत होतं. म्हणजे तिकडचे फवारे उधळे आहेत. मी तीन दिवस थांबले, आकडे तेच. चौथ्या दिवशी तिकडचे दोन फवारे बंद केले. आबा म्हणाले, "बाई, तठे निंबना मुळ्या शेतस. पानी वढतस." मी म्हटलं, "आबा, आकडे तसं सांगत नाहीत." आकडे हा शब्द मी त्या दिवसांत फार वापरायचे.

चार दिवसांत कोपरा पिवळा पडला. आधी टोकं, मग पट्टे, मग सगळंच. फाटकातून आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तेच दिसायचं. सकाळी डबे मात्र सांगत होते की पाणी पुरेसं आहे. मला काही सुचेना. गवताला रोग आहे का, माती खराब आहे का? शेवटी एका दुपारी एक वाजता, ज्या वेळी मी कधी बाहेर पडत नसे त्या वेळी, डोक्यावर ओढणी घेऊन माती उकरून बघायला गेले.

निंबाखाली आबा होते. हातात पितळी तांब्या. एकेका डब्यापाशी वाकत होते, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तांब्यातलं पाणी डब्यात ओतत होते. मागच्या डब्यावर दोन साळुंक्या येऊन बसल्याही होत्या. एक बुलबुल फांदीवर आपली पाळी बघत थांबला होता.

"आबा!" मी जवळजवळ किंचाळलेच. साळुंक्या उडाल्या.

आबा वळले. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मला ऊन लागलं. "सावलीमा ये बेटा," म्हणाले.

"तुम्ही या डब्यांत पाणी घालता? रोज?"

"रोज घालस. मंग काय करसू?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "वैशाखमा रिकामं भांडं उघड्यावर ठेवतस का बाई? पाखरे येतस, मधमा देखतस, नि तसाच उडी जातस. मले देखवनं नही. तठला डबा उन्हामा तापतस, तठलं पानी पाखरे पीतस नही. म्हनीसन सावलीनाच सहा भरस."

मी गवतात खाली बसले. पिवळ्या, करकरीत गवतात. आधी राग आला, खूप आला. आठ दिवसांची वही, सुबक तक्ते, बंद केलेले दोन फवारे, सगळं साळुंक्यांनी पिऊन उरलेल्या पाण्यावर उभं होतं. मी म्हटलं, "आबा, हे डबे पाणी मोजायचे होते!" आणि म्हणतानाच मला कळलं की हे वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलतेय. डबे कशासाठी मांडलेत ते मी साहेबांना सांगितलं होतं, अक्कांना सांगितलं होतं, हसणाऱ्या हमालांनासुद्धा सांगितलं होतं. अठरा वर्षं ज्यानं त्या गवताला पाणी घातलं त्याला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मला लाज वाटली. आयुष्यात पुढेही बऱ्याच गोष्टींची वाटली, पण त्या दुपारची लाज अजून ताजी आहे.

आबांनी तांब्या खाली ठेवला. डब्याकडे बघितलं, पिवळ्या गवताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे हाई गवत मी मारं?"

नेमके त्याच वेळी साहेब जेवून येत होते. पिवळा कोपरा त्यांनी सकाळीच बघितलेला. थेट आमच्याकडे आले. "हे काय आहे? पाणी कमी करा म्हटलं होतं, गवत कमी करा नाही म्हटलं. मुरूमच टाकायचा असेल तर आजच सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आबा पुढे झाले. डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "साहेब, चूक मनी शे. डबासमा पानी मी टाकं. पाखरेसले."

"नाही साहेब, चूक माझी," मी म्हटलं. "आबांना मी काही सांगितलंच नव्हतं."

"कसले डबे? कसली पाखरं?" साहेबांनी दोघांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आठवून मला आजही हसू येतं. "मला डबे नि पाखरं काही सांगू नका. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर," असं म्हणून ते उन्हातून घाईनं निघून गेले.

आम्ही दोघं निंबाखाली बसलो. मग मी आबांना सगळं सांगितलं. डबे, पट्टी, मीटर, चांदणी, तक्ते. दोन तास लागले. ते मधूनमधून असे प्रश्न विचारत की मला थांबून विचार करावा लागे. फवाऱ्याचं तोंड कचऱ्यानं अर्धं बंद असेल तर डब्यात काय दिसेल? वारा पूर्वेचा असेल तर मोजणी वेगळी येईल का? शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला काही विचारलं नव्हतं. सुमनअक्कांकडून आबांनी मांडे भाजायचं एक फुटकं खापर मागून आणलं, ते उलटं करून निंबाच्या बुडाशी ठेवलं. पाखरांचं पाणी त्यात. माझ्या वहीत एक नवी ओळ सुरू झाली, 'पाखरं, रोज दोन तांबे.' डबे मोजून झाले की आबा स्वतः ते उचलून पालथे घालायला लागले.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांत जमा आहेत. मी पहाटेच्या पहिल्या रिक्षानं यायची. आकाश फिकट होत असायचं, मिलची यंत्रं अजून बंद, हवेत तासाभराचा गारवा. आबा माझ्या आधी मीटरपाशी बसून आकडे पाठ करून ठेवत आणि मी वही उघडण्याआधी घडाघडा म्हणून दाखवत. डब्यांनी आता खरं सांगायला सुरुवात केली होती. हिरवळीच्या मधोमध चार फवाऱ्यांचं पाणी एकावर एक पडत होतं आणि कडा उपाशी राहत होत्या. आम्ही दोन फवारे सरकवले. तुंबलेली तोंडं आबांनी बाभळीच्या काट्यानं मोकळी केली. निंबाखालचे दोन्ही फवारे पुन्हा सुरू झाले आणि पिवळ्यातून बारीक हिरवी टोकं वर आली, तेव्हा आबांनी मला हाक मारून, गुडघ्यावर बसवून ती दाखवली.

मग त्यांनी मला पाय शिकवले. एका पहाटे म्हणाले, "वहाणा काढ." मी काढल्या. "चाल." मी चालले. गार, ओलं, बरं वाटलं, आणखी काही नाही. "आते डोया मिची चाल," ते म्हणाले. डोळे मिटून चालले आणि हळूहळू कळायला लागलं. इथे गवत पायाखाली परत उभं राहतं, इथे दबलेलंच राहतं. इथली ओल वरवरची, इथली खोल. आबांना हे अठरा वर्षं माहीत होतं. फक्त पोट भरलं की नाही याची खात्री नसल्यानं ते जास्तीचं वाढत राहिले होते. आता त्यांचा पाय आणि माझा डबा एकच सांगायला लागले. मी रोज पाणी द्यायचं म्हणायची, तर आबा हिरवळीवर फेरी मारून येत आणि हात हलवत, "आज नको. खाले वल शे." असं करत रोजचं पाणी एक दिवसाआड झालं, मग तिसऱ्या दिवशी. सगळ्यांत जास्त पाणी ओतणारा माणूस आता पाण्याच्या चावीला कुणाला हात लावू देईना. मलाही नाही.

बुद्धपौर्णिमेला मी पाचोऱ्याला गेले. आईनं खीर केली होती, घरात पांढरे कपडे, मेणबत्त्या, विहारातून ऐकू येणारी वंदना. वडिलांनी वही मागितली आणि रेल्वेच्या माणसाच्या सवयीनं एकेक आकडा बोटानं तपासला. 'पाखरं, रोज दोन तांबे' या ओळीपाशी थांबले. म्हणाले, "हे तुझ्या साहेबांना चालतं?" मी म्हटलं, त्यांनी अजून वही उघडून बघितलेली नाही. वडील बराच वेळ हसत होते आणि आईनं त्यांना खिरीची दुसरी वाटी दिली.

आज हे आठवताना मला त्या उन्हाळ्याचं ऊन आठवत नाही, हे विशेष. तापमान भयंकर असणार, लोक दुपारी रस्त्यावर फिरकत नव्हते. पण आठवतो तो पहाटेचा गारवा, पायाखालचं गवत, आणि आबांचा आकडे म्हणणारा आवाज. पुढे मी पुष्कळ बागांवर कामं केली, हॉटेलांच्या, कारखान्यांच्या, बँकांच्या. मोठमोठी यंत्रं हाताळली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी माळ्याबरोबर चहा प्यायले आणि यंत्र काय करतं ते त्याला आधी सांगितलं, साहेबांना मागाहून. यामुळे काही साहेब रागावलेही. आबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी त्यांच्या तेराव्याला शिंदखेड्याला गेले होते, तेव्हा त्यांच्या मुलीनं मला घरच्यांत बसवून जेवू घातलं.

मे महिन्याची शेवटची सकाळ. सात वाजता साहेब चष्मा पुसत बागेत आले. आबा आणि मी मीटरपाशी उभे होतो. आबांनी रुमाल नव्यानं बांधला होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. साहेबांनी स्वतः वाकून आकडा वाचला, माझी वही पहिल्यांदा उघडली, पहिल्या आठवड्याचा आकडा काढला, मनातल्या मनात वजाबाकी केली. पुन्हा केली. मग उभे राहून हिरवळीवरून नजर फिरवली. पूर्वेचा कोपरा इतर हिरवळीसारखाच हिरवा होता.

"निम्म्याच्याही खाली आलंय," ते म्हणाले. "कमाल आहे. बरं, बाग राहू द्या. मुरमाचं मी रद्द करतो."

आबांनी डोळे मिटले आणि उघडले. मी हसायला लागले. पण साहेब अजून वहीतच होते. आकडे आवडायला लागले की माणसाचं असं होतं, मला विचारा.

"काय हो," ते मला म्हणाले, "गवत तर मस्त आहे. मग आणखी निम्मं का नाही करायचं? पाव करून दाखवा."

मी बावीस वर्षांची, हंगामी, आणि नुकतीच शाबासकी मिळालेली. माझ्या ओठांवर 'प्रयत्न करू, साहेब' आलंच होतं. अठरा वर्षं तिथे राबलेल्या या माणसानं साहेबांचं म्हणणं मोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तो बोलला.

"नही साहेब."

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"यानापेक्षा कमी नही व्हनार. आते जितलं पानी शे, तितलं त्याना हक्कनं शे. यानाखाल गयं, ते गवत मरी जाई."

"तुम्हाला काय माहीत?" साहेब म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

आबांनी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "मी मोजेल शे," ते म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून आबांच्या बाजूनं होकार दिला. पलीकडे मिलची पहिली शिट्टी झाली. आबा आधीच चावीकडे चालू लागले होते, अनवाणी, गुडघ्यांना जपत. "आज तिसरा दिन शे, पानी द्यानं शे," असं त्यांनी जाता जाता आम्हाला सांगितलं, वाकले आणि दोन्ही हातांनी चावी फिरवली. सगळे फवारे एकदम उठले. साहेब दोन पावलं मागे सरकले.